पाणी आलं की जंतू आले: घरच्या क्रीम-कंडिशनरसाठी प्रिझर्व्हेटिव्ह कसं निवडावं

पोळ्याच्या आधी मी हळदीचं क्रीम केलं होतं. हळद वायगावची, तीळतेल घाण्याचं, कडुनिंबाचा काढा घरचा. शेजारच्या काकूंना एक डबी दिली, त्या टाचेच्या भेगांना लावत होत्या. तीन आठवड्यांनी त्यांनी झाकण उघडून दाखवलं, तर आतल्या कडेला काळे ठिपके दिसले. तोवर त्यांच्या भेगा लाल होऊन सुजल्या होत्या आणि तालुक्याला डॉक्टरकडे जावं लागलं. ती चूक माझी होती. क्रीममध्ये मी प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू आणि बुरशी वाढू न देणारा घटक) घातलंच नव्हतं, कारण हळद आणि कडुनिंब पुरेसे आहेत असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्या बचत गटात नवीन बाई आली की पहिला प्रश्न हाच असतो: "ताई, हळद तर सोताच औषधी हाय, तिच्यात अजून काहून टाकाचं?" हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जे पाणी, जे ऊन आणि जो पावसाळा आहे, तो धरूनच लिहिते आहे.

आधी ठरवा, गरज आहे का?

सांडगे वर्षभर टिकतात आणि वरण दुसऱ्या दिवशी आंबतं. फरक पाण्याचा आहे. जंतूंना आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं. नुसतं तेल, मेण आणि टोरीचं (मोहाच्या बियांचं) घट्ट तेल वितळवून केलेला बाम असेल, त्यात पाण्याचा थेंबही नसेल, तर प्रिझर्व्हेटिव्हची गरज पडत नाही. फक्त ओल्या बोटाने तो काढू नये. हा बाम खवट होऊ शकतो, पण खवटपणा म्हणजे तेलाचा हवेशी झालेला संयोग, जंतूंचं काम नव्हे. तो लांबवायला व्हिटॅमिन ई चालतं. याच व्हिटॅमिन ईला बरेच जण प्रिझर्व्हेटिव्ह समजतात. ते तेल जपतं, जंतूंना काहीच करत नाही.

क्रीम, लोशन आणि कंडिशनर ही तिन्ही वरणाच्या जातीची आहेत. क्रीममध्ये साधारण ७० टक्के, कंडिशनरमध्ये ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. इथे प्रिझर्व्हेटिव्ह घालायचंच.

हळद, कडुनिंब, मध, टी ट्री तेल, गुलाबजल यांतल्या काहींचा जंतूंवर थोडाफार परिणाम होतो हे खरं. पण क्रीममध्ये आपण घालतो तेवढ्या प्रमाणात तो पुरत नाही, आणि सगळ्या प्रकारच्या जंतूंवर तर नाहीच. उलट झाडपाल्याचा काढा म्हणजे जंतूंना आयतं जेवण. शेजारच्या काकूंच्या डबीत नेमकं तेच झालं.

फ्रिजबद्दलही विचारतात. थंडीत वाढ मंदावते, थांबत नाही, आणि आमच्याकडे दुपारी चार-चार तास वीज जाते.

विरुद्ध बाजूला कोण आहे

चार गट लक्षात ठेवा: ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू (ग्रॅम नावाच्या रंगचाचणीवरून पडलेले जिवाणूंचे दोन प्रकार), यीस्ट आणि बुरशी. प्रिझर्व्हेटिव्हने या चौघांनाही आवरलं पाहिजे. बुरशी निदान दिसते तरी. सगळ्यात त्रासदायक ग्रॅम-निगेटिव्ह, त्यातही स्यूडोमोनास. तो पाण्यात राहतो, अगदी कमी अन्नावर जगतो, आणि डोळ्यात किंवा जखमेत गेला तर गंभीर संसर्ग करतो. एका ग्रॅम क्रीममध्ये लाखो जंतू असले तरी क्रीम पांढरंशुभ्र आणि सुवासिक दिसू शकतं. म्हणून "वास तर चांगला येतोय" हा पुरावा धरू नका.

पाण्यापासून सुरुवात करा

प्रिझर्व्हेटिव्हच्या बाटलीआधी पाण्याचा विचार करायचा. हे मला फार उशिरा कळलं.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर ते खारट. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाचे क्षार क्रीमचा पोत बिघडवतात, तेलं लवकर खवट करतात आणि प्रिझर्व्हेटिव्हचं कामही अवघड करतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे टाके असतात. डायसोडियम ईडीटीए नावाची पांढरी पूड ते टाके उसवते, मग प्रिझर्व्हेटिव्ह आत शिरतं. पण पाण्यातच क्षार भरपूर असतील तर ईडीटीए त्यांनाच धरून बसतं आणि जिवाणूपर्यंत पोचतच नाही.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरा, औषधाच्या किंवा प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातलं, सीलबंद. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी त्वचेसाठी बनवलेलं नसतं, ते नको. गावात येणाऱ्या आरओच्या जारमध्ये क्षार कमी असतात, पण जार किती दिवसांचा आहे आणि आतून कधी धुतलाय हे माहीत नसतं. विहिरीचं पाणी उकळून घेतलं तर बरेच जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि क्षार तर जिथल्या तिथेच राहतात.

ईडीटीए १०० ग्रॅमला ०.१ ग्रॅम पुरतं. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी सोडियम फायटेट आहे.

आता जवसाबद्दल, कारण ते आपल्या घराघरांत आहे. जवस उकळून काढलेलं जेल केसांना फारच छान. पण त्यात डिंकासारखे चिकट पदार्थ, प्रथिनं आणि साखरेसारखे पदार्थ इतके असतात की ते खोलीत दोन दिवसांत आंबतं. ताज्या कोरफडीच्या गराचंही तसंच. आपण घरी घालतो त्या प्रिझर्व्हेटिव्हच्या नेहमीच्या मात्रेला हा भार झेपत नाही. जवसाचं जेल करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. साठवायच्या बाटलीत ते घालू नका. दही, ताजा संत्र्याचा रस, बेसन, मुलतानी माती यांनाही हाच नियम.

मग पीएच

कैरीचं लोणचं टिकण्यात मीठ आणि तेलाइतकाच आंबटपणाचा वाटा असतो. काही प्रिझर्व्हेटिव्हचं असंच आहे: आंबट वातावरण असेल तरच ती काम करतात. पीएच म्हणजे या आंबटपणाचं माप: ७ च्या खाली आकडा जितका कमी, तितकं आंबट.

सोडियम बेंझोएट हे ठळक उदाहरण. ते पाण्यात विरघळतं, पण जंतूंना मारतं ते त्यापासून तयार होणारं बेंझोइक आम्ल. पीएच ४.२ असताना निम्मं आम्लरूपात असतं. पीएच ५.२ ला सुमारे नऊ टक्के उरतं, आणि ६.२ ला जेमतेम एक टक्का. म्हणजे पीएच ६ च्या क्रीममध्ये बेंझोएट घातलं तर बाटलीवर नाव येतं, बाटलीत पहारा नसतो. पोटॅशियम सॉर्बेटला थोडी जास्त सवलत आहे, तरी ५.५ च्या पुढे तेही कमजोर पडतं.

मोजायची रीत सोपी आहे. १ ग्रॅम क्रीम ९ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट कालवा आणि त्यात पीएच पट्टी बुडवा. अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने रंग दाखवणारी पट्टी घ्या, ० ते १४ ची ढोबळ पट्टी इथे उपयोगाची नाही. डिजिटल मीटर असेल तर दर वेळी ४ आणि ७ च्या बफरने (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणाने) तो जुळवून घ्या. पीएच उतरवायला सायट्रिक आम्लाचं २० टक्क्यांचं द्रावण करून थेंब-थेंब घाला, प्रत्येक वेळी ढवळून पुन्हा मोजा. क्रीमसाठी ५ ते ५.५ आणि कंडिशनरसाठी ४ ते ४.५ हे मी धरते. केसांनाही ते मानवतं.

बेंझोएट आणि सॉर्बेट घातल्यावर पीएच वर सरकतो. म्हणून शेवटची मोजणी सगळं घालून झाल्यावर करायची.

आता निवड

बाजारात नावं पन्नास असली तरी नवशिक्यांना चार-पाच कुटुंबं कळली की पुरे.

*फेनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं मिश्रण.* पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते. ते पातळ द्रव आहे, पीएचची फारशी अट घालत नाही, क्रीम आणि कंडिशनर दोन्हींत चालतं. मात्रा ०.५ ते १ टक्का. युरोपात फेनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे, त्यापुढे जाऊ नका. एकटं फेनॉक्सीइथेनॉल बुरशीपुढे थोडं कमी पडतं, म्हणून जोडीदारासह तयार मिळणारं मिश्रणच घ्या. दोन गोष्टी सांभाळायच्या: क्रीम फार तेलकट असेल तर यातलं बरंचसं तेलाच्या भागात जाऊन बसतं आणि पाणी उघडं पडतं, आणि काही क्रीम यामुळे किंचित पातळ होतात.

*बेंझिल अल्कोहोल आणि डीहायड्रोअॅसिटिक आम्ल.* ज्यांना सेंद्रिय मानकांत बसणारं हवं असतं त्या हे घेतात. मात्रा साधारण ०.६ ते १ टक्का. पीएच ५.५ च्या आत ठेवा. याला कडू बदामासारखा वास असतो, बिनसुगंधी क्रीममध्ये तो जाणवतो.

*सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट.* लोणची-सरबतांमुळे नावं ओळखीची, स्वस्त आणि सहज मिळणारी. बेंझोएट ०.५ टक्के, सॉर्बेट ०.३ टक्के, पीएच ५ च्या आत. यीस्ट-बुरशीवर चांगली, पण स्यूडोमोनासवर कमकुवत. शिवाय सॉर्बेटमुळे पांढरं क्रीम हळूहळू पिवळट पडतं. एकट्या या जोडीवर क्रीम सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ईडीटीए सोबत हवंच.

*डायझोलिडिनिल युरिया आणि आयोडोप्रोपिनिल ब्युटाइलकार्बामेट.* हे फार प्रभावी, ०.१ ते ०.५ टक्क्यांत काम होतं, ५० अंशांखाली घालायचं. पण यातून हळूहळू थोडं फॉर्मलडिहाइड सुटतं, आणि ज्यांना त्याची अॅलर्जी आहे त्यांना ते त्रास देतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूत घालू नका.

*पॅराबेन.* यांची बदनामी खूप झाली. मिथाइल पॅराबेन दशकानुदशकं वापरात आहे आणि युरोपातही ०.४ टक्क्यांपर्यंत त्याला परवानगी आहे. मला ते वर्ज्य वाटत नाही. नवशिक्यांना मी सुचवत नाही ते वेगळ्या कारणाने: ते थंड पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलाकडे ओढ घेतं, आणि पॉलिसॉर्बेट (तेल पाण्यात मिसळवणारा घटक) घातलेलं असेल तर ते त्याला अडकवून ठेवतं. चूक व्हायला वाव जास्त.

मिथाइलआयसोथायझोलिनोन मात्र घरी नकोच. त्याने त्वचेची अॅलर्जी होण्याचं प्रमाण इतकं वाढलं की युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्यावर बंदी घातली. धुऊन टाकायच्या वस्तूंत जी मात्रा चालते ती दहा लाखांत पंधरा भाग इतकी सूक्ष्म असते, घरच्या काट्यावर ती मोजता येत नाही.

'नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह' एवढंच लिहिलेली आणि घटकांची नावं नसलेली बाटली विकत घेऊ नका. दुकानदाराकडे घटकांची यादी, वापरायची मात्रा, पीएचची मर्यादा आणि बॅच क्रमांक मागा. देत नसेल तर दुसरं दुकान पाहा.

कंडिशनर करून पाहू

१०० ग्रॅमसाठी, सगळं वजनाने:

डिस्टिल्ड वॉटर ८७.७ ग्रॅम, ग्लिसरीन २, डायसोडियम ईडीटीए ०.१
बीटीएमएस-५० (केस मऊ करणारा, तेल-पाणी एकत्र धरणारा मेणासारखा घटक) ५ ग्रॅम, सिटाइल अल्कोहोल २.५, खोबरेल तेल १.५
फेनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण ०.९ ग्रॅम, सुगंध ०.३

काटा ०.०१ ग्रॅमचा हवा, सोन्याचं वजन करतात तसला छोटा. १ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा ०.९ ला कधी १ दाखवेल, कधी शून्य. आणि थेंब मोजून प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं नाही, ड्रॉपर बदलला की थेंबाचं वजन बदलतं. २५० ग्रॅम करायचं असेल तर ०.९ चे २.२५ होतात. हिशेब आधी वहीत मांडा.

कामाला बसण्याआधी पंखा आणि कूलर बंद करा. कूलरच्या ओल्या ताट्यांवर बुरशी असते, आणि तोच वारा आपण उघड्या भांड्यावर सोडत असतो. उकडेल, पण तासाभराचा प्रश्न आहे. भांडी, चमचे, बाटल्या साबणाने धुऊन कोरड्या करा, मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसलं की केलेलं काम गेलं. अल्कोहोल जवळ असताना गॅस पेटवू नका.

पहिल्या ओळीतलं एका भांड्यात, दुसऱ्या ओळीतलं दुसऱ्या भांड्यात. दोन्ही गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ७० ते ७५ अंशांवर वीस मिनिटं राहू द्या. पाण्याचं भांडं आधी आणि नंतर तोला, उडालं तेवढं गरम डिस्टिल्ड वॉटर परत घाला. नाहीतर सगळं प्रमाण चुकतं. मग दोन्ही एकत्र करून घोटा, आणि निवत असताना ढवळत राहा. ४० अंशांवर आलं की हातमोजे घालून प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध घाला, दोन-तीन मिनिटं नीट मिसळा. कोपऱ्यात राहिलेल्या भागात प्रिझर्व्हेटिव्ह पोचलं नाही तर तिथूनच सुरुवात होते. शेवटी पीएच.

नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह तीव्र असतं. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा, आणि बाटली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

क्रीमची रीतही हीच. पाणी ७४.७, ग्लिसरीन ४, ईडीटीए ०.१, तीळतेल १२, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकत्र धरणारं मेण) ६, सिटाइल अल्कोहोल २, निवल्यावर व्हिटॅमिन ई ०.२ आणि फेनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण १ ग्रॅम.

बाटलीत भरताना

कोमट असताना भरून झाकण लावलं की झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरतात. तो थेंब म्हणजे निव्वळ पाणी, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. काकूंच्या डबीतले ठिपके झाकणाच्या कडेलाच होते, त्याचं हेही एक कारण. पूर्ण गार होऊ द्या, भांड्यावर अल्कोहोल फवारून वाळवलेलं झाकण तिरकं ठेवा, मग भरा.

रुंद तोंडाच्या डबीत दर वेळी बोटं जातात. कंडिशनरसाठी तर न्हाणीघरातले ओले हात. पंपाची किंवा दाबायची बाटली घ्या. कंडिशनर संपत आलं म्हणून बाटलीत पाणी घालून हलवायची आपल्या सगळ्यांची सवय आहे, ते करायचंच असेल तर त्याच न्हाण्यात संपवायचं. पाणी घालून ठेवलेल्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह पातळ झालेलं असतं.

आपला उन्हाळा, आपला पावसाळा

नवतपात टिनाच्या खोलीत पारा ४५ च्या वर जातो. तिथे क्रीम फुटतं: तेल वर, पाणी खाली. जंतूंना मात्र त्याहून कमी, ३० ते ३७ अंशांची ऊब आवडते. जुलै ते ऑक्टोबर हे त्यांचे दिवस. उन्हाळ्यात फुटून वेगळं झालेलं पाणी पावसाळ्यापर्यंत डबीत राहिलं तर दोन्ही संकटं एकत्र येतात. फुटलेलं क्रीम पुन्हा घोटून वापरू नका.

नवीन पाककृती ठरली की मी तीन बाटल्या बाजूला ठेवते: एक फ्रिजमध्ये, एक खोलीत, एक टिनाच्या खोलीत. दर आठवड्याला वहीत रंग, वास, पोत आणि पीएच लिहिते. पीएच अर्ध्याने जरी सरकला तरी काहीतरी चाललंय असं समजायचं. तीन महिने हे केल्याशिवाय ती पाककृती कोणाला देत नाही. आणि सगळं नीट दिसलं तरी जंतू नाहीत असं यातून सिद्ध होत नाही, ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहा. तान्ह्या बाळाला, डोळ्यांभोवती आणि फाटलेल्या त्वचेवर घरचं क्रीम लावायचं नाही. टाचेच्या भेगांतून रक्त येत असेल तर तीही फाटलेली त्वचाच.

आठवडी बाजारात मांडण्याआधी

घरच्यांना देणं वेगळं आणि विकणं वेगळं. भारतात सौंदर्यप्रसाधनं विकण्यासाठी बनवायची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना लागतो. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा असतो. बचत गटाचं नाव असलं तरी यातून सूट नाही. जागा, नोंदी, तपासणी या सगळ्याच्या अटी आहेत. गटाने एकत्र येऊन परवाना असलेल्या उत्पादकाकडून बनवून घेणं हाही रस्ता आहे.

त्या टप्प्यावर दोन तपासण्या करून घ्या. एकात जंतूंची संख्या मोजतात; साधारण क्रीमसाठी ग्रॅममागे १००० ची मर्यादा धरतात. दुसरीला चॅलेंज टेस्ट म्हणतात. तीत स्यूडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, कॅन्डिडा आणि अॅस्परजिलस मुद्दाम क्रीममध्ये सोडतात आणि २८ दिवसांत प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना किती आवरतं ते पाहतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा, आणि नमुना पाठवताना तुमच्या नेहमीच्या बाटलीतलाच पाठवा, वेगळा जपून केलेला नको.

तोवर घरच्या प्रत्येक डबीवर तीन गोष्टी लिहा: काय आहे, कधी केलं, कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह किती टक्के. काकूंना या वर्षी दिलेल्या डबीवर हे तिन्ही आहे, खाली ठळक अक्षरांत 'दिवाळीनंतर वापरू नये' असंही लिहिलंय. भेगा भरल्या आहेत का हे मात्र मी आधी स्वतः पाहिलं.